डाव्या कानातला गंधार

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या दारावरच्या पाटीवर कन्नड आणि इंग्रजीत ‘श्रवणतज्ज्ञ’ असं लिहिलेलं आहे. मराठीत लिहायची वेळ बेंगळुरात कधी आली नाही. तरी येणारा प्रत्येक जण मला डॉक्टरच म्हणतो. निपाणीच्या माझ्या आत्या अजून विचारतात, “म्हंजे तू लोकांच्या कानातला मळ काढतीस काय गं?” पूर्वी मी त्यांना समजावून सांगायची. हल्ली हो म्हणते.

माझं काम तसं सोपं आहे. जाड दाराच्या, आतून स्पंज लावलेल्या एका छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेर काचेपलीकडे बसून एकेक आवाज सोडायचा. आधी ठळक, मग बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आला की आतल्या माणसाने बटण दाबायचं. यात चुकण्यासारखं काही नाही असं वाटेल, पण लोक चुकतात. काही जण न ऐकताच बटण दाबत सुटतात, कारण त्यांना ही परीक्षा वाटते आणि सुनेसमोर नापास व्हायचं नसतं. काही जण डोळे मिटून बसतात आणि चक्क झोपतात. त्यांचा राग येत नाही. ट्रॅफिकमधून दोन तास घालवून आल्यावर इतकी शांत खोली कुणालाही झोपवेल.

मी मात्र त्या शांततेला कंटाळले आहे. दिवसभर टूं टूं टूं ऐकून घरी गेल्यावर मला कुणी काही ऐकवू नये असं वाटतं. एके काळी मी गाणं शिकत होते. फार नाही, लग्नाआधी थोडंफार. रेडिओ तर सतत चालू असायचा. गेली काही वर्षं घरी गाणं लावलेलंच नाही. मिठाईच्या दुकानातल्या माणसाला गोडाचं जसं होतं, तसं माझं आवाजाचं झालं आहे.

कानाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. त्या नळीत पेटीच्या पट्ट्या मांडाव्यात तशा स्वरांच्या जागा ओळीने मांडलेल्या असतात. दाराशी सगळ्यात उंच स्वर, अगदी आत गेलं की खर्ज. आवाज कुठलाही असो, शिरतो तो दारातूनच. म्हणून जिन्याच्या पहिल्या पायऱ्या आधी झिजाव्यात तशा या दाराजवळच्या जागा आधी झिजतात. वय झालं की आधी पैंजण जातात, चिमण्या जातात, ‘स’ आणि ‘त’ जातात. म्हातारी माणसं म्हणतात, “ऐकू येतं गं, पण कळत नाही.” घरच्यांना ते ढोंग वाटतं. ते ढोंग नसतं.

आनेकलहून एक मुनियप्पा यायचे. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती आणि संध्याकाळी गावच्या देवळात ते भजन म्हणायचे. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “मॅडम, आमच्या टाळांमधला ‘छन’ गेला. नुसतं ‘ठक’ राहिलं.” टाळ वाईट निघाले म्हणून त्यांनी भजनी मंडळाला नवे आणायला लावले होते. नव्यांचंही तेच झालं, तेव्हा दुकानदाराशी भांडले. मग पुन्हा नवे आणले. कान बिघडला की माणसाला आधी जग बिघडल्यासारखं वाटतं. मी त्यांना यंत्र बसवलं आणि समोर एक स्टीलचा पेला चमच्याने वाजवला. त्यांनी माझ्या हातून पेला घेतला आणि बाहेर माणसं खोळंबलेली असताना तो वाजवतच बसले.

असे दिवस कमी येतात.

त्याच सुमाराला बेळ्ळंदूरहून निखिल नावाचा एक तरुण मुलगा आला. मूळचा पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत होता. त्याच्या कानात सतत शिटी वाजायची. “मॅम, लिटरली चोवीस तास. झोप नाही, काही नाही. आणि वर्स्ट पार्ट म्हणजे गाणं ऐकता येत नाही.” तो हौशी कीबोर्ड वाजवायचा. आपल्या शिटीचा स्वर त्याने घरीच शोधून काढला होता. मी तपासला तर तंतोतंत बरोबर. त्याचं दुखणं असं की काही गाणी त्या शिटीशी भांडायची आणि काही भांडायची नाहीत, आणि का ते त्याला कळत नव्हतं.

मी त्याला माझ्या जुन्या शिकण्यातलं आठवलं तेवढं सांगितलं. स्वराला स्वतःचं नाव नसतं. षड्ज कुठे धरला त्यावर बाकीच्यांची नावं ठरतात. आज जो सा आहे, तोच उद्या षड्ज खाली सरकवला की पंचम होतो. आवाज तोच, नातं बदललं. तुझी शिटी बदलणार नाही, पण गाण्याचा षड्ज तुझ्या हातात आहे.

पुढच्या वेळी आला तेव्हा त्याचे डोळे जरा ताजे दिसत होते. फोनवर गाण्याची पट्टी वरखाली करून तो प्रत्येक गाणं असं लावायचा की शिटी बरोब्बर सा वर नाहीतर प वर यावी. “आता ती बॅकग्राउंडला तंबोऱ्यासारखी वाटते, मॅम.”

“शिटी कमी झाली का रे?”

“नाही. पण भांडत नाही.”

निखिलचं हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची. म्हणजे मीही काही मोठी अक्कल वापरली, असा त्यात थोडा सूर असायचा. तो उतरला कालिंदीअक्कांच्या वेळी.

कालिंदीअक्का मल्लेश्वरममध्ये हिंदुस्थानी गाणं शिकवायच्या. माहेर-सासर दोन्ही महाराष्ट्रातलं, पण इथे इतकी वर्षं काढली होती की सगळं मल्लेश्वरम त्यांना अक्काच म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांचे यजमान वामनराव एका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनीच अक्कांना माझ्याकडे ओढून आणलं.

“हिला टीव्ही फार मोठा लागतो,” वामनराव म्हणाले. “फोनवर अर्धं ऐकते, अर्धं स्वतःच ठरवते.”

“मला काही झालेलं नाही,” अक्का म्हणाल्या. “यांच्या समाधानासाठी आलेय. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. आणि सुराचं म्हणशील, तर माझा कान अजून सुरीसारखा आहे.”

तपासणीत दोन्ही कान वयाप्रमाणे थोडे उतरलेले निघाले, पण डावा जास्त, आणि मधल्याच भागात. दोन कानांत असा फरक दिसला की आम्ही आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतो, आत काही वाईट वाढत नाही ना हे बघायला. वाढत नव्हतं. मागे एकदा अक्कांना मोठी चक्कर आली होती आणि डाव्या कानाला बरेच दिवस दडे बसले होते. तेव्हाच कधीतरी आतल्या काही जागा दुखावल्या असाव्यात, असं डॉक्टरांचं मत पडलं. मग यंत्र बसवायला त्या पुन्हा माझ्याकडे आल्या.

यंत्र लावण्याआधी दोन्ही कानांना आवाज सारखा मोठा वाटतोय का हे बघावं लागतं. मी उजव्या कानात एक स्वर सोडला, मग तोच डाव्या कानात.

“दोन्ही सारखेच मोठे वाटतायत का, अक्का?” मी माइकवरून विचारलं.

“मोठेपणाचं नंतर बघू. आधी दुसरा स्वर खाली घे. चढलाय.”

“स्वर एकच आहे.”

“एकच नाहीये. पहिला बरोबर. दुसरा चांगला श्रुतीभर चढा आहे. तुझं मशीन बेसूर आहे गं.”

मी उठून आत गेले आणि त्यांचे हेडफोन उलटे घातले, डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. बिघाड यंत्रात असता तर तो आता उजव्या कानात गेला असता. पुन्हा तोच स्वर दिला.

अक्कांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. मग म्हणाल्या, “पुन्हा.” मी पुन्हा दिला.

“अजून डावाच चढा,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. पुढचं त्यांनीच चालवलं. मला त्यांच्या पट्टीतला सा द्यायला लावला, मग रे, ग, म, एकेक करून, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे. मध्य सप्तक ठीक होतं. तार षड्ज ठीक. तार रिषभाला त्यांनी मान किंचित वाकडी केली. तार गंधाराला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

हे असं होतं. फार वेळा नाही, पण होतं. नळीतली एखादी जागा दुखावली की तिथला स्वर शेजारच्या जागेवर जाऊन वाजतो. दोन कान मग दोन वेगळे स्वर सांगतात. जो माणूस गात नाही त्याला आयुष्यभर ते कळतही नाही.

अक्का बाहेर आल्या, वामनरावांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, रेणुका बरोबर होती.”

वामनरावांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं. त्यांना लगेच कळलं. मला त्यांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. ते कळलं पुढच्या खेपेला, अक्का एकट्याच रिक्षाने आल्या तेव्हा.

रेणुका त्यांची शिष्या. अथणीकडची मुलगी, नोकरीसाठी बेंगळुरात आलेली, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच सहजतेने बोलणारी. शहराच्या दुसऱ्या टोकाहून दर शनिवारी बस बदलत मल्लेश्वरमला यायची. अक्कांना मूल नव्हतं, आणि त्यांनी ते तिच्यात शोधलं असं मी म्हणणार नाही. अक्का तशा नव्हत्या. पण आपल्यामागे आपलं गाणं हिच्या गळ्यात राहील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग तिचा गंधार चढू लागला. निदान अक्कांना तसा ऐकू येऊ लागला. त्या रागावायच्या, पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायच्या. साथीला बसणारे पेटीवाले अण्णाही चढे वाटू लागले, तेव्हा अक्कांनी शिकवणीत पेटी बंदच केली. याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण पेटीचा गंधार मुळात थोडा चढाच असतो. सगळ्या पट्ट्यांना सा होता यावं म्हणून पेटीत बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, आणि त्या वाटणीत गंधार आपल्या खऱ्या जागेहून जरा वर जातो. जुने गवई त्याच्या नावाने नेहमीच नाक मुरडत आले. त्यामुळे अक्कांचं दुखणं त्यांच्या तत्त्वामागे बेमालूम लपून गेलं.

मल्लेश्वरममधल्याच एका छोट्या सभागृहात रेणुकाचं पहिलं स्वतंत्र गाणं होतं. संयोजकांनी साथीला पेटी ठेवली होती. अक्का मागे तंबोरा घेऊन बसल्या होत्या. रेणुका तार सप्तकात गेली, गंधारावर थांबली आणि अक्कांनी तंबोरा वाजवायचा थांबवला. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “खाली घे. कानाला त्रास होतोय.” मुलीने पुन्हा तोच लावला. अक्का तंबोरा ठेवून उठल्या आणि विंगेत निघून गेल्या. रेणुकाने गाणं कसंबसं संपवलं. त्यानंतर ती आली नाही.

“तिला फोन केला का?” मी विचारलं.

“काय सांगू?” अक्का म्हणाल्या. “आधी हे सांग, हे दुरुस्त होईल?”

“नाही.”

या ‘नाही’ची सवय होते असं लोकांना वाटतं. सवय होते ती म्हणण्याची. समोरचा चेहरा बघण्याची होत नाही.

“कुठला कान खरा धरू?”

“उजवा.”

“कशावरून?”

“तो माझ्या यंत्राशी जुळतो. बाकीच्या लोकांशी जुळतो.”

“म्हणजे बहुमत,” अक्का म्हणाल्या आणि पहिल्यांदा जरा हसल्या.

त्यांना मी दोन्ही कानांसाठी यंत्रं दिली आणि गाताना किंवा गाणं ऐकताना डाव्या कानात यंत्राऐवजी घालायला एक मऊ बूच. बोलणं त्यांना लगेच कळू लागलं. वामनराव खूश झाले. अक्का मात्र आठवडाभरातच तक्रार घेऊन आल्या.

“तंबोरा लावला की सुरुवातीला येतो. मग कुणीतरी तो उचलून दुसऱ्या खोलीत नेल्यासारखा हळूहळू जातो. मी वाजवतेय, बोटाला तार लागतेय, आणि ऐकू येत नाही. हे काय आहे?”

ते काय आहे हे मला माहीत होतं, आणि ते सांगायचा मला दरवेळी कंटाळा येतो. ही यंत्रं बोलण्यासाठी बनवलेली असतात. बोलणं तुटक असतं, क्षणाक्षणाला बदलतं. जो आवाज बदलत नाही, एकसारखा चालू राहतो, तो यंत्राच्या मते गोंगाट. पंखा, फ्रिज, बसचं इंजिन. यंत्र तो ओळखतं आणि दाबून टाकतं. तंबोऱ्याचं तर सगळं मोठेपणच एकसारखं राहण्यात आहे. जगातल्या हुशार माणसांनी बनवलेल्या या वस्तूला तंबोरा आणि फ्रिज यांतला फरक कळत नाही.

दवाखान्यात हे नीट करता येईना, कारण तिथे तंबोरा नव्हता. फोनवरचा चालत नाही. अक्का म्हणाल्या, “घरी ये. रविवारी दुपारी ये. रेणुकालाही बोलावलंय. तू समोर असलीस तर मी शब्द फिरवणार नाही.”

कुणाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, असं मी कधीच ठरवून टाकलं होतं. आमचं काम कानाशी संपतं. तरी गेले. लॅपटॉप घेऊन मेट्रोने गेले, आणि वाटेत परत फिरावं असं दोनदा वाटलं.

वामनरावांनी कॉफी दिली. रेणुका माझ्याआधीच येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. सुट्टीच्या दिवशीही ऑफिसच्या लॅपटॉपची बॅग सोबत. अक्का सतरंजीवर तंबोऱ्याशी. मी यंत्रातली सगळी हुशारी एकेक करून बंद करत गेले. गोंगाट ओळखणं बंद, यंत्राची स्वतःची शिटी रोखणं बंद. अक्का तारा छेडत होत्या.

“आता?”

“स्वल्प थांब.” त्यांनी डोळे मिटले. “हां. आता राहतोय. घरातच राहतोय.”

मग त्यांनी तंबोरा थांबवला, डोळे उघडले आणि सरळ रेणुकाकडे बघून म्हणाल्या, “त्या दिवशी तू बरोबर होतीस. माझा डावा कान स्वर चढवून सांगतो. या मॅडमनी दाखवून दिलं. मी सगळ्यांसमोर बोलले ते चूक होतं.”

मला वाटलं रेणुका रडेल. ती रडली नाही. थकलेल्या माणसासारखी म्हणाली, “मला माहीत होतं, अक्का.”

“काय माहीत होतं?”

“तुमचा तार गंधार उतरत होता. बरेच महिने. बरोबर लावला की तुम्हाला चढा वाटायचा, म्हणून तुम्ही स्वतः तो खाली लावायचात.”

“मग बोलली का नाहीस?”

“कसं बोलणार? तुम्हाला सांगू, की अक्का, तुमचा सूर सुटला?” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “मला वाटलं, वय झालं. म्हणून इथे असले की मीही तुमच्याबरोबर खाली लावायला लागले. तुम्ही खूश व्हायचात. त्या दिवशी पेटी होती. पेटीसमोर कसा खाली लावणार?”

वामनराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, तिथेच राहिले.

“रियाज चालू आहे ना?” अक्कांनी विचारलं.

“नाही.”

“का?”

“मला आता तो स्वर कळत नाही. नुसतं गुणगुणले तरी दोन गंधार ऐकू येतात. एक बरोबर, आणि एक तुमचा.” ती थांबली. “आणि मला तुमचाच बरा वाटतो.”

माझ्या सगळ्या नोकरीत इतकं वाईट वाक्य मी ऐकलं नाही. चांगल्या, तरुण, निरोगी कानांची मुलगी, आणि गुरूचं दुखणं तिने प्रेमाने आपल्या कानात घेतलेलं. याला माझ्याकडे चाचणीही नव्हती आणि यंत्रही नव्हतं.

अक्का म्हणाल्या, “तो माझा नाही गं. तो आजाराचा आहे.”

त्यांनी तंबोरा उचलून रेणुकाच्या मांडीवर दिला. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि एक खर्ज. पण तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून, कुणी न लावता, आपोआप एक बारीक गंधार उमटतो. तो पेटीसारखा चढा नसतो आणि कुणाच्या लहरीनुसार उतरतही नाही. मलाही तो पूर्वी कधीतरी ऐकू आला होता.

“मला तो आता येत नाही,” अक्का म्हणाल्या. “एका कानाने तो सापडत नाही, आणि दुसऱ्यावर भरवसा नाही. तू बस. तुला येईपर्यंत बस.”

रेणुका खुर्चीवरून खाली उतरली. तारा छेडू लागली. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर नारळपाणीवाला ओरडत गेला. तिने एका तारेखालचा मणी किंचित सरकवला, तार घुमवणारा जवारीचा दोरा हलवला, पुन्हा छेडू लागली. अक्का तिच्या कानाकडे बघत होत्या, जणू तिथून काही दिसणार होतं.

“आला,” रेणुका हळूच म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

“मग त्याच्यावर लाव. माझ्यावर नको.”

तिने आवाज लावला. सुरुवातीला तो घाबरत, आधाराला काठी शोधावी तसा गेला. मग स्थिर झाला. मी लॅपटॉप मिटला आणि कुणाला न सांगता निघाले. वामनराव फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “कॉफी तशीच राहिली तुमची.”

त्यानंतर रेणुका पुन्हा येऊ लागली, पण पहिल्यासारखी नाही. कधी पंधरवड्याने, कधी महिन्याने. काही तुटलं होतं ते तुटलेलंच राहिलं. अक्कांनी नवे विद्यार्थी घेणं बंद केलं आणि असलेल्यांना ओळखीच्या दुसऱ्या बाईंकडे पाठवून दिलं. “उतरल्या कानाने लहान मुलांचे गळे बिघडवू नयेत,” असं म्हणाल्या. एवढी वर्षं गजबजलेलं घर रिकामं झालं. वामनरावांनी एकदा फोन करून मला विचारलं, “यावर दुसरा काही उपाय निघालाय का?” मी नाही म्हटलं. पुन्हा काही महिन्यांनी विचारलं. पुन्हा नाही म्हटलं.

यंदा त्याच सभागृहात रेणुकाचं गाणं ठेवलं होतं. अक्कांनी मला बोलावलं. दिवसभर काम करून मला जायचा अजिबात उत्साह नव्हता, पण न जाण्याचं कारणही सुचेना. पहिल्या रांगेत त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती. मी बसले तेव्हा सवयीने त्यांच्या कानाकडे बघितलं. यंत्रं होती, पण डाव्या कानातही यंत्रच होतं.

“अक्का, बूच?”

“पर्समध्ये आहे.”

“गाणं आहे ना आज.”

“एका कानाने गाणं ऐकायचं म्हणजे दारातून देव बघायचा. बरोबर दिसतो, पण दुरून. आज आत जाऊन ऐकणार आहे.”

गाणं सुरू होण्याआधी त्या उठल्या. माइक मागितला नाही. आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणाल्या, “मागच्या वेळी इथेच मी हिला गाताना अडवलं होतं. दोष माझ्या कानात होता, हिच्या गळ्यात नव्हता. तेव्हा जे इथे होते त्यांनी कृपा करून हे ऐकावं.” मग खाली बसल्या आणि पदर सावरला. रेणुकाने वर बघितलं नाही. तिने आवाज लावला.

मी फार दिवसांनी गाणं ऐकत होते. सुरुवातीला माझ्या डोक्यात माझंच काम चालू होतं, हा आवाज कुठल्या जागेवर पडतोय, हा कुणाला ऐकू येणार नाही. मग ते कधी थांबलं ते कळलं नाही. राग चढत गेला. तार षड्जावर ती बराच वेळ राहिली, मग रिषभाला स्पर्श करून खाली आली. सभागृहात ज्यांना मागचं आठवत होतं ते सगळे अक्कांकडे बघायला लागले होते. मीही.

रेणुका गंधारावर गेली आणि थांबली.

अक्कांचा चेहरा आखडला. काटा टोचावा तसा, क्षणभरच. डावा डोळा बारीक झाला, मान वाकडी झाली, आणि गुडघ्यावरच्या बोटांनी साडीची निरी घट्ट धरली. मग त्यांचा उजवा हात वर गेला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “वा!”

रेणुकाने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं आणि तो स्वर सोडला नाही.

गाणं संपल्यावर आम्ही बाहेर फुटपाथवर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. वामनराव रस्ता ओलांडून पलीकडून रिक्षा आणायला गेले होते. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं.

“अक्का, चढा लागला ना?”

“चढाच लागला,” त्या म्हणाल्या. रिक्षा वळून येत होती, तिकडे बघत होत्या. “पण बरोबर होता.”